पाण्याखालचा साक्षीदार

म्हैसूरहून हेग्गडदेवनकोटेमार्गे सरगूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एप्रिल-मे महिन्यात एक खास प्रवासी हमखास दिसतो. अंगात मातकट रंगाचा शर्ट, डोक्यावर तशीच टोपी आणि तान्हं मूल धरावं तशी मांडीवर धरलेली हातभर लांबीची लेन्स. सरगूर हे कबिनीच्या खोऱ्यातलं लहानसं तालुक्याचं गाव. उन्हाळ्यात कबिनी धरणाचं पाणी ओसरतं, मागे हिरवी कुरणं उघडी पडतात आणि आसपासच्या जंगलांतले हत्ती कळपांनी तिथे उतरतात. ते टिपायला ही सगळी धावपळ. याच जंगलातल्या काळ्या बिबट्याच्या मागावर छायाचित्रकार शाझ जंग यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवला आणि २०२० मध्ये त्या बिबट्यावरची फिल्म नॅशनल जिऑग्राफिकने जगभर दाखवली.

कर्नाटकात हा नाद जुना आहे आणि त्यात एक मराठी घराणंही आहे. सोंडूरचे मुरारराव यशवंतराव घोरपडे हे मराठा संस्थानिकांच्या घरातले. १९७२ ते १९७७ या काळात ते कर्नाटकाचे अर्थमंत्री होते. अंदाजपत्रकातून उसंत मिळाली, की कॅमेरा घेऊन जंगल गाठायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यांची कृष्णधवल छायाचित्रं पाहून जंगलाकडे ओढले गेलेले लोक आजही भेटतात.

पण या जंगलात कॅमेऱ्याने जे सर्वांत मोठं काम केलं, ते फोटो तुमच्यासमोर ठेवले तर तुम्ही ते दुसऱ्यांदा पाहणार नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. उल्हास कारंत यांनी शेजारच्या नागरहोळेत वाघांच्या वाटांवर आपोआप चालणारे कॅमेरे बांधले. त्यांत जे टिपलं गेलं ते असं : वाघाची एक कूस, अर्धी शेपटी, मागे काळाकुट्ट अंधार. ना चेहरा, ना रुबाब. पण कुशीवरचे पट्टे स्पष्ट. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. त्या पट्ट्यांवरून हा वाघ कालचाच की नवा, ते सांगता येऊ लागलं आणि पावलांच्या ठशांवर चाललेली मोजणी मागे पडली. २००६ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेपासून सरकारनेही हीच रीत धरली. रुबाबदार फोटोने वाघ लोकांना आवडू लागला. या ओबडधोबड फोटोने किती वाघ उरले याचा हिशेब द्यायला लावला.

आता प्रश्न असा, की समुद्रावर लिहायला बसल्यावर हा जंगलाचा पसारा कशाला? कारण समुद्राच्या वाट्याला या दोन्हींतलं फार थोडं आलं. आपण कोकणची माणसं, गोव्याची माणसं, मुंबईची माणसं समुद्राकाठी जन्म काढतो. समुद्राचा फोटो म्हणजे आपल्या लेखी सूर्यास्त, होड्या आणि चौपाटीवरची भेळ. पाण्याच्या वरच्या कातडीचा फोटो. खाली काय आहे, ते बाजारात टोपलीत येतं तेवढंच ठाऊक. डोळ्याआड सृष्टी, दुसरं काय!

याचा सगळा दोष आपल्या आळसाला देता येणार नाही. पाणी हा कॅमेऱ्याचा मोठा वैरी. सूर्यप्रकाश पाण्यात शिरला की त्यातला लाल रंग सर्वांत आधी गळतो. दोन पुरुष खोल गेलं की लाल साडी विटकरी दिसेल, आणखी खाली गेलं की काळपट. मग उरतो तो हिरवा-निळा उजेड. म्हणून पाण्याखाली रंग हवे असतील तर आपला दिवा आपणच न्यावा लागतो. त्यातही गाळाचे कण असले, की दिव्याचा उजेड त्यांच्यावर आपटून परत येतो आणि फोटोत जणू बर्फ पडतो. शिवाय पाण्याखाली सगळं जवळ आणि मोठं भासतं. मासा हातभर म्हणावा तो वीतभर निघतो. (बढाईखोर मासेमारांना ही सबब आयतीच!)

त्यामुळे या कलेचा इतिहासही छोटा आहे. फ्रान्समध्ये लुई बूताँ हा शास्त्रज्ञ १८९३ मध्ये अवजड कॅमेरा पेटीत घालून समुद्रात उतरला. पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो १९२६ चा, अमेरिकेत फ्लोरिडाजवळचा. लाँगली आणि मार्टिन या दोघांनी तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवला आणि त्या उजेडात खालचा मासा टिपला. पुढे १९४३ मध्ये फ्रान्सच्या याक कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी पाठीवर हवेची टाकी घेऊन मोकळेपणाने पोहण्याचं साधन तयार केलं. कूस्तोच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या १९५६ च्या चित्रपटाने पाण्याखालचं जग रंगांत दाखवलं. कान महोत्सवाचा सर्वोच्च मान आणि ऑस्कर, दोन्ही त्याला मिळाले. आज तो चित्रपट पाहिला तर मात्र अंगावर काटा येतो. मासे मोजायचे म्हणून त्यात प्रवाळात सुरुंगाची दारू उडवली आहे. चवताळलेल्या शार्कना बोटीवरच्या मंडळींनी कुऱ्हाडी घालून मारलं आहे. कूस्तो पुढे समुद्ररक्षणाचा जगप्रसिद्ध पुरस्कर्ता झाला हे खरं. पण तेव्हा हातात जगातला उत्तम कॅमेरा असूनही त्याला हे वावगं वाटलं नव्हतं. सुंदर फोटो काढला म्हणजे शहाणपण आपोआप येतं, असा समज असेल तर त्याने हा चित्रपट एकदा पाहावाच.

आपल्याकडे फोटोने समुद्रातल्या जिवाला वाचवल्याची सर्वांत ठसठशीत गोष्ट शेजारच्या गुजरातेतली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो. नावात व्हेल असलं तरी तो मासाच, आणि जगातला सर्वांत मोठा मासा. बसएवढं धूड, पण खातो काय, तर पाण्यात तरंगणारे बारीक जीव आणि अंडी. माणसाच्या वाटेला जात नाही. किनाऱ्यावर त्याची शिकार व्हायची. त्याच्या यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला लावायला आणि मांस परदेशात धाडायला. गळाला मोठमोठी पिंपं बांधून त्याला दमवत, म्हणून तिथे त्याचं नावच पडलं होतं ‘बॅरल’. माइक पांडे यांनी या शिकारीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट केला. तो २००० मध्ये आला आणि वन्यजीव चित्रपटांचा ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणवला जाणारा सन्मान त्याला मिळाला. २००१ च्या मे महिन्यात भारत सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घेतलं. वाघाला जे संरक्षण, तेच या माशाला. या कायद्याचं छत्र मिळालेला हा पहिला मासा.

कायदा झाला, पण कायद्याने जाळं भरून येत नाही. हजारो रुपयांच्या जाळ्यात चुकून अडकलेला मासा सोडायचा, तर जाळं कापावं लागतं. २००४ मध्ये मोरारीबापूंनी या मोहिमेला आपला आवाज दिला. हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला मारायचं कसं, असं ते सांगत. ‘बॅरल’चं नाव ‘व्हाली’ झालं, म्हणजे लाडकी. त्याच्या जोडीला कापलेल्या जाळ्याची भरपाई आली. भरपाईसाठी पुरावा हवा म्हणून मच्छीमारांच्या हाती साधे कॅमेरे देण्यात आले. मासा सोडतानाचे फोटो काढा, ते दाखवा आणि पैसे घ्या.

आपल्या राज्यातही २०१८ च्या डिसेंबरपासून अशीच योजना आहे. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खातं मिळून ती चालवतात. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखा संरक्षित जीव जाळ्यात आला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. अट एकच : सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ हवा. म्हणजे बोट डुलते आहे, एकाच्या हातात सुरी, दुसऱ्याच्या हातात कासवाचं परडं, आणि तिसरा तांडेल खाऱ्या पाण्याने भिजलेला मोबाइल धरून उभा. त्या फोटोत क्षितिज तिरकं, अर्धी चौकट कुणाच्या तरी कोपराने व्यापलेली. कोणत्याही प्रदर्शनात तो फोटो लागणार नाही. पण त्याच्या पोटात एक जिवंत कासव आणि एका घराची काही दिवसांची कमाई असते. समुद्राच्या फोटोंचं पारितोषिक द्यायचं माझ्या हाती असतं, तर मी ते अशाच एखाद्या फोटोला दिलं असतं.

कबिनीच्या वाघांची रीत समुद्रातही पोहोचली आहे, आणि तीही व्हेल शार्कच्याच पाठीवरून. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येकाची निराळी. कल्ल्यांच्या मागच्या ठिपक्यांचे फोटो जुळवून पाहायचे कसे, याचं उत्तर आकाशाकडे सापडलं. दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंत ताऱ्यांचे नकाशे जुळवण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एक गणिती पद्धत बसवली होती. तीच पद्धत एका खगोलशास्त्रज्ञाने आणि त्याच्या दोन साथीदारांनी २००५ मध्ये या माशाच्या ठिपक्यांना लावली. तेव्हापासून जगभरचे हौशी पर्यटक सुटीत काढलेले फोटो एका सामायिक नोंदवहीत पाठवतात आणि एकाच माशाचा प्रवास वर्षानुवर्षं लिहिला जातो. फोटो काढणाऱ्याला मत्स्यशास्त्राचं ओ की ठो ठाऊक नसलं तरी चालतं. फोटोवर तारीख आणि ठिकाण मात्र हवं.

मुंबईत तर एवढंही खोल जायला लागलं नाही. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांच्या पायांना पाकटांनी डंख मारले आणि शहरभर घबराट उडाली. आपल्या चौपाटीच्या गढूळ पाण्यात पाकट असतात, ही बहुतेक मुंबईकरांना नवी बातमी होती. जलक्रीडांच्या व्यवसायातले प्रदीप पाताडे तेव्हापासून किनाऱ्यावर काय काय राहतं याच्या शोधात फिरू लागले. २०१७ मध्ये ते, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. रीत अगदी साधी. ओहोटीचं वेळापत्रक पाहायचं, खडकांतली डबकी उघडी पडली की तिथे जायचं, दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि नाव-गाव-तारखेसह इंटरनेटवरच्या जागतिक नोंदसंग्रहात टाकायचा. हाजी अली, वरळी, जुहू, मरीन ड्राइव्ह. ज्या खडकांकडे आपण नाक दाबून पाहतो, तिथे समुद्रफुलं, ऑक्टोपस, रंगीत गोगलगायी आणि जिवंत प्रवाळ!

प्रवाळ म्हणजेच पोवळं. मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं मात्र वेगळ्या जातीचं, मूळचं भूमध्य समुद्रातलं. मुंबईचं प्रवाळ दिसायला खडकावर चिकटलेल्या राखी-तपकिरी पोळीसारखं असतं. त्याची कुणी अंगठी करणार नाही. पण ते जिवंत आहे, आणि २००१ पासून त्यालाही कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे. सागरी किनारा रस्त्याचं काम २०१८ मध्ये सुरू झालं आणि उच्च न्यायालयात वाद रंगला, तेव्हा या प्रवाळांचा विषय ऐरणीवर आला. रस्ता थांबला नाही. २०१९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कामाला मोकळीक दिली आणि २०२४ पासून त्यावरून मोटारी धावताहेत. पण २०२० च्या अखेरीस, भरावाखाली जाणाऱ्या प्रवाळांच्या १८ वसाहती वनखात्याची परवानगी घेऊन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. १८ हा आकडा केवढासा! या रस्त्यावर झालेल्या खर्चापुढे तर तो नजरेतही भरत नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. त्या खडकांचे फोटो आणि नोंदी नसत्या, तर तिथे काही होतं की नव्हतं, हा प्रश्नच कुणाला पडला नसता. भराव पडला असता आणि खडक म्हणून खडक गेला असता.

आता मालवण. आपल्या वाचकांपैकी कित्येक घरांत मालवणचा पाण्याखालचा फोटो असेल. दांडीच्या किनाऱ्यावरून नाहीतर तारकर्लीहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे जायचं, दहा मिनिटं शिकवणी घ्यायची, तोंडात नळी धरायची आणि प्रशिक्षकाने टाकीला धरून खाली न्यायचं. वर आल्यावर फोटो आणि व्हिडिओ मोबाइलवर हजर. फोटोत आपण मधोमध, गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले, भोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांची झुंबड. कित्येक फोटोंत आपला अंगठा वर असतो. पाणबुड्यांच्या खुणांच्या भाषेत अंगठा वर म्हणजे ‘झकास’ नव्हे, ‘मला वर न्या’! ‘झकास’साठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. हा घोळ रोज किती वेळा होत असेल, ते तिथल्या पोरांनाच विचारावं.

हा फोटो निघतो ती जागा साधी नाही. १९७९ मध्ये समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वाफर या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली, त्यात मालवण होतं. १९८७ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांहून थोडं अधिक, गाभा साधारण ३ चौरस किलोमीटरांचा. शिवरायांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, ते बेट आणि शेजारचा पद्मगड या गाभ्यात येतात. कागदावर सगळं चोख. पण ज्यांच्या जाळ्यांवर बंधनं येणार होती त्या गाबीत आणि इतर मच्छीमारांना खाली काय आहे, ते कशासाठी राखायचं, हे कुणी दाखवलंच नव्हतं. त्यांना दिसली ती फक्त बंदीची नोटीस. त्यांनी विरोध केला आणि अभयारण्य कितीतरी वर्षं नकाशावरच्या रेघेएवढंच राहिलं. त्यांच्या जागी आपण असतो, तर आपणही वेगळं काय केलं असतं?

हे चित्र पालटायला सुरुवात झाली ती माणसं पाण्यात उतरू लागल्यावर. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी इथे प्रवाळांचा अभ्यास केला, स्थानिक तरुणांना पाणबुडेगिरी शिकवली आणि पुढे तारकर्लीला पर्यटन महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था त्यांच्या मार्गदर्शनाखाली उभी राहिली. वडिलांनी वरून जाळं टाकलं, मुलगा खाली उतरून तोच समुद्र पाहू लागला. प्रवाळ जिवंत राहिलं तर रोज पर्यटक येतील, हा हिशेब त्याला कुणी समजावून द्यावा लागला नाही.

मात्र या धंद्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. फोटोत माशांची झुंबड यावी म्हणून पाण्यात पाव कुस्करला जातो. मासे पावाला सोकावतात आणि प्रवाळावरचं शेवाळ खुडून खायचं आपलं काम सोडतात. ते शेवाळ वाढलं की प्रवाळ गुदमरतं. पर्यटक घाबरला की पाय टेकायला जागा शोधतो आणि ती जागा बहुधा प्रवाळाचीच असते. होडीचा नांगर पडतो तोही तिथेच. मालवणातल्यासारखं गोळ्याच्या आकाराचं प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरच्या आसपास वाढतं. म्हणजे घरातलं मूल पहिलीतून दहावीत जाईपर्यंत प्रवाळ वीतभरही वाढलेलं नसतं, आणि एका लाथेत ते मोडतं. तुमच्या फोटोत तुमच्या पायाखाली काय होतं, तेवढं एकदा निरखून पाहा.

याहून मोठं संकट पाण्याच्या तापण्याचं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. तेच त्याला अन्न पुरवतं आणि रंगही देतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एखाद-दोन अंशांनी अधिक तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ हाडासारखं पांढरं होतं. पाणी लवकर निवलं तर ते सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. जगभर १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात अशा लाटा येऊन गेल्या, चौथी २०२३ मध्ये सुरू झाली. मालवणातही प्रवाळ पांढरं पडल्याच्या नोंदी आहेत. हे घडताना दाखवणं महाकठीण, कारण ते कूर्मगतीने होतं. ‘चेसिंग कोरल’ या २०१७ च्या माहितीपटात काही तरुण ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीवर रोज पाण्यात उतरले, रोज त्याच जागी कॅमेरा रोवला आणि रोज तोच फोटो काढला. एकेक फोटो पाहिला तर कंटाळवाणा. ओळीने लावले तेव्हा अख्खी प्रवाळाची बाग डोळ्यांदेखत पांढरी होऊन करडी पडताना दिसली.

मला वाटतं, मालवणला नेमकी हीच गोष्ट सहज जमण्यासारखी आहे. तिथल्या प्रशिक्षकाला रोज उतरण्यासाठी कुणी पैसे द्यायला नकोत. तो ऑक्टोबर ते मे दिवसातून कितीतरी वेळा त्याच खडकाशी उतरतोच. कॅमेरा त्याच्या हातात असतोच. तेवीस फोटो पाहुण्यांचे काढल्यावर चोविसावा त्या खडकाचा, रोज एकाच कोनातून, शेजारी मापाला एखादी पट्टी ठेवून. इथलं पाणी अंदमानसारखं काचेचं नाही. गाळ आणि तरंगते सूक्ष्म जीव यांमुळे चांगल्या दिवशीही काही मीटरच दिसतं. त्यामुळे लांबून काढलेले देखणे देखावे इथे जमत नाहीत. जवळ जाऊन, वीतभर अंतरावरून काढलेला फोटो मात्र इथेही स्वच्छ येतो, आणि नोंदीला तेवढा पुरतो.

पाहुण्यांनाही यात करण्यासारखं आहे. उतरण्याआधी होडीवाल्याला सांगून टाका, की आम्हाला पाव नको. पैसे तुम्ही मोजता आहात, तेव्हा तो ऐकतो. हात पोटाशी, पाय मागे. खाली जे दिसेल त्याचं नाव वर आल्यावर प्रशिक्षकाला विचारा. मालवणीत सांगेल, तसंच लिहून घ्या. आणि दहा फोटोंतल्या दोनांत तरी आपण नसू द्या. मुलं बरोबर असतील तर हे काम त्यांच्याकडेच सोपवावं. नावं विचारून भंडावून सोडण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही.

विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत, भर समुद्रात, आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारं. लांबी चाळीसेक किलोमीटर, माथा पाण्याखाली वीसएक मीटरवर आणि त्यावर प्रवाळ. तिथलं पाणी नितळ असल्यामुळे उजेड खोलवर पोहोचतो. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञ आणि पाणबुडे कॅमेऱ्यांसह तिथे जाऊन आले. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या कितीतरी पलीकडे असल्याने मालवणसारखं अभयारण्य तिथे करता येत नाही, त्यासाठी वेगळ्या कायद्याचा आधार घ्यावा लागतो. तिकडे तुम्हीआम्ही सुटीत जाऊ शकणार नाही. तिथला जो काही पुरावा जमेल तो अशा मोहिमांच्या कॅमेऱ्यांतूनच.

पण मालवणचा पुरावा मात्र आपल्या कपाटांत पडून आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जी कुटुंबं तिथे पाण्याखाली उतरली, त्यांना वर आल्यावर फोटोची सीडी मिळायची. ती सीडी लग्नाच्या कॅसेटींच्या ढिगात कुठेतरी असेल. सापडली तर फेकू नका. चालते का पाहा, फोटो मोबाइलवर उतरवून घ्या आणि मागे महिना, वर्ष आणि किल्ल्याच्या कोणत्या बाजूला उतरलो होतो ते लिहून ठेवा. काकांचे फुगलेले गाल सोडून त्यांच्या मागचा खडक पाहा. पुढच्या वेळी मालवणला जाल तेव्हा तो फोटो बरोबर न्या आणि होडीवाल्या पोराला दाखवा. खडकाच्या आकारावरून जागा कुठली, ते तो बहुधा होडीत बसल्या बसल्या सांगेल.